एका अनुमोदनाची घटनादुरुस्ती

लोकशाही ही अत्यंत नाजूक वस्तू असल्यामुळे ती मुलांच्या हाती देण्यापूर्वी त्यांना तिची पूर्ण माहिती द्यावी, आणि पूर्ण माहिती दिल्यानंतर ती कुलूपबंद ठेवावी, याविषयी शिक्षणक्षेत्रात दुमत नाही. (दुमत असलेले एक गृहस्थ होते; परंतु समितीच्या बैठकीचे पत्र त्यांना वेळेवर पोहोचले नाही, त्यामुळे निर्णय एकमताने झाला.)

ज्या शाळेची ही हकिकत आहे तिथे हे तत्त्व नुसते मान्य नव्हते, तर अमलात होते. आणि त्याचे श्रेय नागरिकशास्त्राच्या सरांना द्यावे लागेल. इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी नागरिकशास्त्राची काही पाने जोडलेली असतात, तसे सरही इतिहास विभागाला शेवटी जोडलेले होते. दुसरा एखादा खचला असता. सरांनी मात्र त्या पानांवरच आयुष्य उभे केले, ‘सभाशास्त्र प्रवेशिका’ नावाची एकेचाळीस नियमांची पुस्तिका स्वतः लिहिली, आणि प्रत्येक नियमात किमान एक अर्धविराम येईल याची दक्षता घेतली.

शाळेत वर्गप्रतिनिधींची निवड दरवर्षी होई आणि दरवर्षी बिनविरोध होई. ‘बिनविरोध’ हा शब्द उच्चारताना सरांच्या चेहऱ्यावर, इतर लोकांच्या चेहऱ्यावर ‘निवृत्तिवेतन’ म्हणताना येते तशी तृप्ती पसरे. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. निवडणूक लढवली की कोणीतरी हरतो, हरलेला रडतो, रडलेल्याची आई शाळेत येते, आणि आईसमोर कोणतीही राज्यपद्धती टिकत नाही. उलट वर्गशिक्षिकेने आदल्या दिवशी नाव ठरवून ठेवले, की निवडीचा आनंद सर्वांना मिळतो आणि निवडण्याचा त्रास कोणालाच होत नाही. सरांच्या पाहणीनुसार या पद्धतीवर शंभर टक्के विद्यार्थी समाधानी होते. (पाहणीत प्रश्न एकच होता आणि उत्तराचा पर्यायही एकच होता. दोन दिले की मुले गोंधळतात.)

‘मतदान’ हा पाठ शिकवताना एकदा मागच्या बाकावरून, सगळे ज्याला लंब्या म्हणत त्या मुलाने विचारले, “सर, दान का म्हणायचं? उसनं का नाही? उसनं दिलं तर परत तरी मागता येतं.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “दिल्या दानाची विचारपूस करू नये, हा आपला संस्कार आहे,” असे सांगून त्यांनी लंब्याला दाराबाहेर उभे केले. शंका हा लोकशाहीचा प्राण आहे, हे ते जाणून होते; म्हणूनच चाळीस मिनिटांच्या तासाला तो सर्वांनी धरून ठेवावा, अशी त्यांची अपेक्षा असे.

या साऱ्या शिस्तीचा कळस म्हणजे अनुमोदन. कार्यक्रम कोणताही असो, अध्यक्ष मधल्या खुर्चीवर बसण्यापूर्वी एका विद्यार्थ्याने त्यांचे नाव सुचवावे आणि दुसऱ्याने त्या सूचनेला अनुमोदन द्यावे, अशी रीत होती. अध्यक्षांचे नाव पत्रिकेवर महिनाभर आधी छापलेले असते, फलकावर रंगवलेले असते, आणि अध्यक्ष स्वतः बाजूच्या खुर्चीवर बसून मधल्या खुर्चीकडे टक लावून असतात, ही गोष्ट अलाहिदा.

अनुमोदनाचे काम सरांच्या मुलीकडे होते. ती पाचवीत असताना ठरलेली मुलगी ऐनवेळी तापाने आजारी पडली आणि सरांनी हाताशी होती ती उभी केली. तेव्हापासून नववीपर्यंत ही जागा तिची, तीही बिनविरोध. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि वाक्य एकच: “माझ्या मित्राने मांडलेल्या सूचनेला मी मनःपूर्वक अनुमोदन देते.” मैत्रिणी तिला ‘अनू’ म्हणत, ते तिच्या नावाचे लघुरूप नव्हते, कामाचे होते. आजवर तिने अनुमोदिलेल्या अध्यक्षांत दोन दंतवैद्य, एक सिमेंटचे व्यापारी, सहा निवृत्त अधिकारी (त्यांपैकी एकच कशातून निवृत्त झाले ते कळले) आणि पत्ता चुकून आलेले एक सद्गृहस्थ होते. त्यांना शेजारच्या कार्यालयात लग्नाला जायचे होते. पण सूचना झाली, अनुमोदन झाले, आणि त्यांनी ‘आजचा विद्यार्थी’ या विषयावर पाऊण तास उत्तम भाषण केले. प्रक्रियेचे सामर्थ्य ते हेच.

घरी ती सरांना ‘बाबा’ म्हणे आणि शाळेच्या फाटकाच्या आत ‘सर’. प्रत्यक्ष फाटकात उभे राहून बोलायची वेळ आल्यास काय म्हणावे, हा विषय निर्णयासाठी प्रलंबित होता.

अशात वरून परिपत्रक आले: ‘किशोरवयीन विद्यार्थ्यांमध्ये लोकशाही मूल्ये रुजवून तसे महिनाअखेर कळवावे, मूल्ये रुजल्याचे छायाचित्र दोन प्रतींत जोडावे.’ सर्व शिक्षक हवालदिल झाले आणि सर्वांच्या माना सरांकडे वळल्या. सरांनी एका वाक्यात मार्ग काढला. शाळेत ‘लोकशाही दालन’ उभारावे.

शाळेत रिकामी खोली नव्हती. रिकामी करता येईल अशी एक होती. क्रीडाकक्षात टेबल टेनिसचे एकुलते एक टेबल होते. त्याचा एक पाय विटेवर उभा होता, जाळीला दोन गाठी होत्या, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती सगळ्या वर्गांची मुले रांग लावत. ही रांग कोणी लावून दिलेली नव्हती. हरणारा बॅट ठेवून मुकाट्याने मागे जाई. चेंडू कडेला लागला की नाही यावरून जुंपली, तर रांगेतला पहिला निकाल देई आणि तो दोघेही मानत. पाचवीतल्यांचे हात टेबलापर्यंत पोहोचत नसत, म्हणून त्यांच्यासाठी एक लाकडी खोके ठेवायचे, असेही त्यांचे आपापसात ठरले होते. (अशा बेशिस्त जागी लोकशाहीचे शिक्षण किती निकडीचे होते, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

टेबलावर हिरवे कापड पसरले गेले. त्यावर कायदेमंडळाची थर्माकोलची प्रतिकृती आली. शेजारी मतपेटी आली. तिच्यात कोणी काही टाकू नये म्हणून तिची फट नुसती रंगवलेली होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘लोकशाही म्हणजे चर्चा’ असे लिहिले गेले आणि त्याखाली जरा लहान अक्षरांत ‘येथे बोलू नये’. दाराला कुलूप लागले, किल्ली सरांच्या खिशात गेली, आणि खोके माळ्यावर गेले.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते, आणि त्यांच्या खिशात सरांना पर्यवेक्षक केल्याचे पत्र असणार होते. हे पद यापूर्वी तीनदा सरांच्या दारावरून पुढे गेले होते: एकदा गणिताकडे, एकदा विज्ञानाकडे आणि तिसऱ्यांदा (हे सर स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नसत) शारीरिक शिक्षणाकडे. यंदा दगा होऊ नये म्हणून त्यांनी कार्यक्रमाचे इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून काढले. तशी ती त्यांची नेहमीचीच पद्धत. सभा झाल्यावर लिहायला बसले, की सभेत काय झाले ते आठवू लागते आणि भाषा बिघडते, असे त्यांचे अनुभवाचे मत होते.

त्या संध्याकाळी जेवताना सर म्हणाले, “उद्या ‘मनःपूर्वक’वर जरा जोर दे.”

अनूने विचारले, “बाबा, आमचं टेबल कुठे गेलं?”

“जाणार कुठे? जागेवरच आहे. त्याच्यावर लोकशाही ठेवलीय.”

“मग आम्ही खेळायचं कुठे?”

“अगं, ते दालन तुमच्यासाठीच आहे.”

“मग कुलूप?”

“तुमच्यासाठी आहे म्हणूनच कुलूप. तुम्ही हात लावलात तर तुमच्यासाठी काही उरेल का?”

अनूची आई दवाखान्यात परिचारिका होती आणि दिवसभर लोकांना ‘दुखणार नाही’ असे सांगून आल्यामुळे घरी खोटे ऐकून घेण्याची तिची ताकद संपलेली असे. ती म्हणाली, “अहो, टेबल काढताना पोरांना एका शब्दाने विचारलं होतंत का?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.”

“मग?”

“मग विचारून उपयोग काय?”

अनूने ताटातली भाजी इकडची तिकडे केली आणि विचारले, “आणि मी अनुमोदन नाही दिलं तर?”

सर मनापासून हसले. “असं नाही करता येत, बाळा.”

“म्हणजे द्यावंच लागतं?”

“छे! पूर्णपणे ऐच्छिक आहे ते.”

“तेच म्हणतेय मी.”

“ऐच्छिक आहे म्हणूनच आजवर कोणी नकार दिलेला नाही. जेव आता.”

दुसऱ्या दिवशी सभागृह भरले. मुले सतरंजीवर, शिक्षक भिंतीकडेच्या बाकांवर, व्यासपीठावर मुख्याध्यापिका (त्यांना शाळा ‘मोठ्या बाई’ म्हणत), संस्थेचे अध्यक्ष, सर आणि मधोमध उंच पाठीची रिकामी खुर्ची. नववीच्या वर्गप्रतिनिधीने अध्यक्षांचे नाव सुचवले. अध्यक्ष उठले आणि संथ पावलांनी मधल्या खुर्चीकडे निघाले. अनू ध्वनिक्षेपकासमोर आली.

“माझ्या मित्राने मांडलेल्या सूचनेला,” ती म्हणाली, आणि इथवर सारे यथास्थित होते, “मी अनुमोदन देत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे बंड समजणे चूक ठरेल. अनूचा आवाज थांबला की टाळ्या वाजवायच्या, असे वळण सभागृहाला कित्येक वर्षे लागलेले होते. सरांनीही वाजवल्या. टाळ्या विरल्या तसा वाक्याचा अर्थ मागच्या रांगेपासून पुढे सरकत आला आणि सर्वांत शेवटी व्यासपीठावर पोहोचला. तोवर अध्यक्ष, म्हणजे जे अद्याप अध्यक्ष झाले नव्हते ते, गुडघे वाकवून खुर्चीपासून वीतभर उंचीवर आले होते. ते तिथेच थांबले.

“सर, हे काय?” मोठ्या बाई कुजबुजल्या.

“नियम सात,” सर अभावितपणे उत्तरले. “अनुमोदन न मिळाल्यास सूचना पडते.”

“पडली तर उचला!”

सरांनी परिस्थितीचा शास्त्रशुद्ध विचार केला. पडलेली सूचना पुन्हा मांडायला अध्यक्षांची परवानगी लागते. अध्यक्ष व्हायला सूचना लागते. शिक्षकांपैकी कोणी अनुमोदन द्यावे, तर नियम बारा आडवा येत होता: ‘अनुमोदन विद्यार्थ्यानेच द्यावे; जेणेकरून लोकशाही मूल्ये त्याच्याच ठायी रुजतील.’ हा नियम सरांचाच होता आणि त्यातला अर्धविराम त्यांचा विशेष आवडता होता.

“दुसरं कोणी?” त्यांनी सभागृहाला विचारले.

मागून लंब्या उभा राहिला. म्हणजे तो उभा राहिल्याचे सर्वांना लगेच कळले. “सर, चर्चा आहे का?”

“कसली चर्चा?”

“दालनात लिहिलंय की. खिडकीतून दिसतं.”

“अनुमोदन का नाही देत, ते तिला सांगू द्या ना सर!” कोणीतरी ओरडले.

अनूने ध्वनिक्षेपक सोडला नव्हता. “आमचं टेबल घेताना आम्हाला कोणी विचारलं नाही. ते परत द्या, मग देते. मनःपूर्वक देते.”

“आणि खोकं पण!” पाचवीच्या रांगेतून एक किरटा आवाज आला.

दहावीची एक मुलगी उठली आणि दालन राहिलेच पाहिजे, त्याचे प्रकल्पाला गुण आहेत, असे ठासून म्हणाली. तिची हुर्यो झाली. लंब्याने हुर्यो करणाऱ्यांना गप्प केले, “ए, तिचं होऊ दे की आधी.” मग दुसरी म्हणाली, प्रतिकृती खिडकीत ठेवा, टेबल मोकळे करा. तिसरा म्हणाला, खिडकीत पावसाने थर्माकोल भिजेल, कपाटावर ठेवा. बोलायला रांग लागली. दोघे एकदम बोलू लागले, की रांगेतला पहिला निकाल देऊ लागला आणि तो दोघेही मानू लागले.

सरांना क्षणभर वाटले, इतकी वर्षे आपण जे शिकवत आलो, ते हेच तर नव्हे? लगेच त्यांच्या लक्षात आले, की हे आपण शिकवलेले नाही. शिकवले असते तर इतके जमले नसते. तरीही त्यांचा ऊर भरून आला होता, आणि याचे छायाचित्र निघाले पाहिजे म्हणून त्यांनी छायाचित्रकाराला शोधले. कार्यक्रम अजून सुरू न झाल्यामुळे तो चहाला गेला होता.

इकडे अध्यक्षांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि ते खुर्चीत बसले. बसल्याबरोबर त्यांना बरे वाटले आणि त्यांचा अनुभव जागा झाला. ते वीस वर्षे बिनविरोध होते. असले प्रसंग त्यांनी येऊच दिले नव्हते, पण आल्यास काय करायचे हे त्यांना ठाऊक होते.

“सर, इतिवृत्त तयार आहे ना? वाचा.”

सर वाचू लागले. ‘...सदर सूचनेस कुमारी अमुक हिने टाळ्यांच्या कडकडाटात मनःपूर्वक अनुमोदन दिले;’ ‘मनःपूर्वक’पाशी सरांचा आवाज किंचित अडखळला.

“मी नाही दिलं,” अनू म्हणाली.

“बाळ,” अध्यक्ष मायेने म्हणाले, “तू दिलं नाहीस, ही झाली घटना. इतिवृत्तात तू दिलंयस. आता दोहोंत फरक पडला तर दुरुस्त काय करायचं? इतिवृत्त तर शाईनं लिहिलंय.”

“मग?”

“मग घटना दुरुस्त करायची. लोकशाहीत घटनादुरुस्तीची सोय असतेच. सर, असते ना?”

“असते,” सर म्हणाले. “परंतु त्यासाठी दोन तृतीयांश...”

“असते ना? झालं तर. इतिवृत्त कायम करायचं का? कोणाची हरकत असेल त्यानं हात वर करावा.”

मोठ्या बाईंनी पुरवणी जोडली: “हात वर करणाऱ्यानं नाव, हजेरी क्रमांक आणि पालकांचा फोन नंबर सांगावा.” (यामुळे हरकतींची नोंद व्यवस्थित राहते.)

सभागृहात पाल चुकचुकली असती तर ऐकू आली असती, पण तिनेही अंग चोरले. हात एकच वर झाला, अनूचा; आणि अध्यक्षांनी तो प्रेमाने बाद केला, कारण वाद जिच्याविषयी आहे तिलाच हरकत घेता येत नाही. “दुसरं कोणी? विद्यार्थी, शिक्षक, कोणीही चालेल,” ते उदारपणे म्हणाले. बोलता बोलता त्यांनी खिशातून एक लांबट पाकीट काढले आणि त्याने वारा घेऊ लागले.

अनूने हात खाली घेतला नाही. ती सभागृहाकडे पाहत नव्हती. ती सरांकडे पाहत होती.

काय झाले हे सर्वांप्रमाणे सरांनाही ठाऊक होते; ते त्यांनी लिहिलेही नव्हते, म्हणून भाषा अद्याप बिघडलेली नव्हती. नियम एकोणीसप्रमाणे सभेच्या चिटणिसाला हरकत घेता येते. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. छातीपर्यंत आला. खांद्यापर्यंत आला. पाकिटाचा वारा त्यांच्या गालाला लागला. हात कानापर्यंत गेला, आणि त्यांनी चष्मा सरळ केला.

चष्मा सरळच होता.

“हरकत नाही. कायम,” अध्यक्ष म्हणाले. वळणाप्रमाणे टाळ्या झाल्या. एवढ्यात छायाचित्रकार परतला, आणि व्यासपीठावर एक मुलगी ताठ हात वर करून उभी आहे, हे पाहून त्याने चटकन दोन छायाचित्रे घेतली. ती दोन प्रतींत वर गेली. त्याखाली ओळ होती: ‘लोकशाही मूल्ये रुजलेली विद्यार्थिनी हात उंचावून अनुमोदन देताना.’ वरच्या कार्यालयाने प्रशंसा कळवली आणि हे छायाचित्र इतर शाळांकडे आदर्श म्हणून पाठवले.

शाळा सुटल्यावर सर पाकीट खिशात घालून फाटकापाशी थांबले. अनू आली. फाटकात ती थबकली, म्हणून तेही थबकले.

“अगं, चल घरी. आईला सांगायचंय,” ते म्हणाले. “टेबलाचं मी बघतो. पर्यवेक्षकाला थोडेफार अधिकार असतात.”

ती फाटक ओलांडून रस्त्यावर आली, चार पावले चालली, आणि मग वळून तिने विचारले, “सर, चष्मा आता ठीक आहे ना?”

प्रलंबित विषय याप्रमाणे निकाली निघाला. त्या घरात आता ‘सर, आईनं जेवायला बोलावलंय’ असे ऐकू येते. अनूची आई दोन दिवस नवऱ्याकडे पाहत राहिली आणि तिसऱ्या दिवशी, पट्टी ओढून काढावी तशा आवाजात, एवढेच म्हणाली, “दुखणार नाही असं मी दवाखान्यात सांगते. तुम्ही ते घरात पोरीला सांगितलंत.”

पर्यवेक्षकांना स्वतंत्र खोली मिळाली. ती लोकशाही दालनाला लागून आहे. मधल्या सुट्टीत शेजारी टक टक असा आवाज येतो. बाहेर बोळात अनू आणि मंडळी दालनाच्या बंद दारावर चेंडू मारून खेळतात. हरणारा बॅट ठेवून मागे जातो. हा प्रकार थांबवणे हे पर्यवेक्षकांचे कर्तव्य आहे, दार उघडणे त्यांच्या अधिकारात आहे, आणि किल्ली त्यांच्या खिशात आहे. प्रकरण विचाराधीन आहे. आवाज चालू असेपर्यंत ते पुस्तिकेची नवी आवृत्ती तपासत बसतात. नियम सात वगळला आहे.

आता राहता राहिले हे इतिवृत्त. ते घटना घडून गेल्यानंतर लिहिले असल्यामुळे भाषा जागोजाग बिघडली आहे, त्याबद्दल क्षमा असावी. लोकशाही कुलूपबंद ठेवावी, असे यातल्या पहिल्याच वाक्यात म्हटले होते. तिथे कोणी वाचक थांबल्याचे आढळले नाही. मुलांना विचारून उपयोग काय, असेही पुढे आले. तिथे हसू ऐकू आले, ते संमतीदर्शक धरले आहे. तरी रीत म्हणून विचारणे भाग आहे. हे इतिवृत्त वाचून कायम करण्यास कोणाची हरकत असल्यास त्यांनी कृपया हात वर करावा.

एक हात हललासा वाटला. पण नाही, चष्मा सरळ करत असावेत.

कायम.